उपडा पांटलो

अन्याय झाला तो आमच्या संघाच्या, लाटंबार्शाच्या अध्यक्षांवर. कधी झाला तेही सांगून टाकते: गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी, चतुर्थीच्या आधीच्या रविवारी, दुपारचा चहा यायच्या आत. निदान चहा येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं त्यांचं आजही म्हणणं आहे, कारण तो मुळगावच्या बायकांनी तीन दगडांच्या चुलीवर, धुरात डोळे चोळत केला होता आणि कोणी न पिताच निवला. अध्यक्षपद गेल्याचं दुःख त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलेलं मी तरी ऐकलेलं नाही. चहाचं मात्र ते अजून काढतात. यावरून माणूस ओळखा. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत त्यांच्याएवढा हट्टी, त्यांच्याएवढा संथ आणि समोर आग लागलेली असताना पाणी कोणी आणलं याची आधी चौकशी करणारा माणूस दुसरा झाला नाही, हे मी छातीठोक लिहिते. पत्रकं लिहून लिहून माझा हात तसाच वळलाय. हळुवार लिहायला बसले तरी शेवटी मागणी करून मोकळा होतो. आजही होईल. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

संघ म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. आमच्या बऱ्याच गावांत एकेक सहकारी ग्राममंडळ होतं आणि गावची सामाईक कामं ते बघायचं. माझ्या मुळगावात खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध, आणि बांधाच्या पोटात मानस, म्हणजे भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं. लाटंबार्शात काजूच्या डोंगराला वणवा लागू नये म्हणून गवत कापून काढलेले पट्टे. तिकडे केरीत समुद्रावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि तिची होडी. प्रत्येक मंडळ आपापल्या गावापुरतं राजा. या सगळ्या राजांना एका झाडाखाली आणून बसवायचं, म्हणजे संघ. आणि हे काम अध्यक्ष मी जन्मायच्या आधीपासून करत होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि तसंही ते फार लोकांना ठाऊक नसावं. सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा दारातून 'अध्यक्ष' अशीच हाक देतो. त्यांची बायको, जिला मी काकी म्हणते, तीही रागावली की शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, "आमच्या अध्यक्षांक विचार गो, न्हाणयेंत उदक हाडपाक ठराव जाय काय?" म्हणजे न्हाणीत पाणी आणायलाही ठराव लागतो का.

अध्यक्ष खरे, पण खुर्चीवर बसायचे नाहीत. आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात, आणि कदेल हा शब्दच ते तोंडात काहीतरी कडू आल्यासारखा उच्चारायचे. कुठल्याही गावात सभा असली की यजमान मंडळी देवळातली, शाळेतली, कधी एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरची वेताची कदेल आणून झाडाखाली मांडायची, तिच्यावर टॉवेल घालायची, आणि अध्यक्ष त्या टॉवेलावर आपली टोपी ठेवून शेजारी जमिनीवर आपला पांटलो उपडा घालून त्याच्यावर बसायचे. पांटलो म्हणजे बांबूची टोपली, बांधावर चिखल वाहायची. लाटंबार्शाहून ते तो काखोटीला मारूनच निघायचे. एकदा कोणा सरकारी अधिकाऱ्यानं समारंभात त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, तर ते भाषणभर असे आखडून बसले की खाली उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, पाठ दुखते का. "पाठ ना दुखत," ते म्हणाले, "पुण वयल्यान कोणाच्या पायांक चिखल आसा तो दिसना." वर बसलं की कोणाच्या पायाला चिखल आहे ते दिसत नाही; त्यांचा सगळा कारभार या एका गोष्टीवर चालायचा. कोणी तावातावानं बोलायला उठला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल असला तर तो कितीही वेळ बोलू दे. नसला तर ते मधेच खोकायचे.

मतदान हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. हात वर करून मोजायचे, हे त्यांच्या मते गुरं मोजायचं काम. सगळ्या गावांनी 'होय' म्हटल्याशिवाय ठराव नाही, आणि ठराव झाल्याशिवाय सभा उठायची नाही. मग सभा चालायच्या. लोक जेवून यायचे, झोपून यायचे, मधे गुरांना पाणी दाखवून यायचे, सभा तिथंच. एकदा केरीच्या रापणकारानं, म्हणजे रापणीच्या जाळ्याच्या मालकानं, सगळी दुपार 'ना' लावून धरलं. दणकट, काळा, मानेवर दोरांचे वळ उठलेला गडी; मुद्दा काय तर कामाचा दिवस कुठला ठेवायचा. सगळ्यांनी समजावून झालं, चिडून झालं, एकानं तर पाया पडून झालं. शेवटी अध्यक्षांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, त्याला स्वतःला काही अडचण नव्हती. आईला विचारल्याशिवाय तो होय म्हणणार नव्हता. दुसऱ्या कोणी ठराव पुढं ढकलला असता. अध्यक्षांनी सभा उचलली. खडी टाकून परत चाललेला एक ट्रक थांबवला, सगळ्यांना त्यात चढवलं आणि सभा आहे तशी केरीला नेली. म्हातारी अंगणात बांगड्यांना मीठ लावत बसली होती. ट्रकमधून एवढे बाप्ये उतरलेले बघून ती म्हणाली, "होय, होय, पुण पयलीं जेवून वचात." प्रश्न काय होता हे तिनं विचारलंच नाही. ठराव मंजूर झाला. परत निघताना अध्यक्षांच्या लक्षात आलं की ट्रकवाला, जो बेळगावकडचा होता आणि ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तोही इतका वेळ सभेत हजर होता. त्यांनी त्याचाही होय घेतला. तो बिचारा पुढं कितीतरी दिवस डिचोलीच्या बाजारात लोकांना विचारत होता, आपण नक्की कशाला होय म्हणालो.

पण त्यांचा सगळ्यात अजब नियम वेगळाच होता, आणि तो समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. आपल्या गावचं काम आपण करायचं नाही, शेजारच्या गावानं करायचं. मुळगावचा बांध लाटंबार्शानं आणि केरीनं दुरुस्त करायचा, लाटंबार्शाच्या डोंगराचं गवत मुळगावनं कापायचं, केरीची रापण ओढायला शेतकऱ्यांनी जायचं. आपल्या बांधावर माणूस हात राखून चिखल घालतो, दुसऱ्याच्या बांधावर नाव जाईल म्हणून भीत भीत घालतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी जो गोंधळ झाला त्याच्या गोष्टी अजून सांगतात. मुळगावचे लोक केरीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला उभे राहिले. जाळं अर्ध्यावर आलं, आणि कोणीतरी सहज म्हणालं, भरती लागली. पिढ्यान्‌पिढ्या भरती म्हटली की बांधाकडे धावायचं, एवढंच ज्यांच्या हाडात भिनलंय त्या माणसांनी काय करावं? त्यांनी हातातला दोर टाकला आणि ओणवे होऊन दोन्ही हातांनी वाळूचा बांध घालायला लागले. अरबी समुद्राला. जाळं सैल पडलं, बांगडे सरळ तेरेखोलकडे निघून गेले, आणि केरीच्या बायका हसून हसून वाळूत बसल्या. रापणकाराच्या आईनं म्हणे त्या बांधाला कुंकू लावलं.

त्याची परतफेड पुढच्या वर्षी झाली. केरीचे लोक मुळगावच्या बांधावर आले. मानशीच्या चौकटीशी पाणी झिरपत होतं, तिथं आमचे लोक वर्षानुवर्षं चिखल थापायचे आणि वर्षानुवर्षं तो वाहून जायचा. रापणकारानं ते बघितलं आणि त्याला तिथं बांध दिसलाच नाही. त्याला गळकी होडी दिसली. त्यानं घरून काथ्या मागवला, तेलात भिजवला, होडीच्या फळ्यांत ठोकतात तसा चौकटीच्या फटीत ठोकून बसवला, वर राळ ओतली, आणि झालं म्हणून हात झटकले. आमचे म्हातारे बांधावर उभे राहून हसले. बांधाला बूच मारतात काय, म्हणाले. पण भरती आली आणि थेंब आत आला नाही. तेव्हापासून त्या जागेचं नावच केरीचं बूच पडलं. काथ्या दर वर्षी नवा घालावा लागतो, नाहीतर कुजतो. म्हणून दर वर्षी अक्षय तृतीयेला केरीचे लोक यायचे, आमच्या घरी उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खायचे, बूच नवं करून जायचे. माझ्या लहानपणी अक्षय तृतीयेला राळेचा वास असतो, अशीच माझी समजूत होती.

माझी त्यांची जवळीक झाली ती पत्रकांमुळे. कॉलेजात असताना खाणीची लाल माती आमच्या ओहोळात येते म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल करून दोन्ही तालुक्यांत वाटलं. आठवड्यानं ते कारेरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बसच्या, कंडक्टरच्या हाती परत आलं. लाल पेन्सिलीनं सगळी विशेषणं खोडलेली. नराधम गेलं, अमानुष गेलं, धगधगता गेलं, आणि पानभर मजकुरातून उरलं ते एवढंच, की ओहोळात माती येते, ती येऊ नये. मी रागानं लाटंबार्शाला गेले. त्यांनी मला पायरीवर बसवलं, स्वतः पांटल्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "गो बाय, विशेषणां घालून बांध उबो रावना." मी म्हटलं, राग आलाय तो लिहू नको काय? तर म्हणाले, राग आसूं दी, पण वाचणाऱ्याक करपाक कितें तरी दवर. सगळं तूंच रागावलीस तर तो घरी बसून करतलो काय? त्यांचं हे म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आणि या लेखात विशेषणं आहेत त्यावरून तुम्हालाही दिसेल की पुरतं अजूनही पटलेलं नाही. पण शेवटी वाचणाऱ्यासाठी काहीतरी ठेवायचं, हे मी तिथं शिकले.

पुढं मी त्यांच्या मागं लागले, की संघाच्या सगळ्या वर्षांबद्दल सांगा, मी लिहून काढते. मी जाऊन बसायचे. त्यांना काही मोठं आठवायचंच नाही. कुठल्या मंत्र्यानं कौतुक केलं, कुठं हार घातला, ते विचारलं की डोकं खाजवायचे. मग एकदम म्हणायचे, हां, लीह, त्या वर्षी मोरजीकारान सभेंत आपल्या व्ह्यायाची माफी मागली. लीह, त्या वर्षी मुळगावान फणसाची भाजी केल्ली ती तिखट जाल्ली. वर्षं त्यांच्या डोक्यात आकड्यांनी लागलेली नव्हती, कोणी कोणाला हसवलं याच्यावर लागलेली होती. एकदा मी कंटाळून सरळ विचारलं, काका, इतकी वर्षं अध्यक्ष राहून तुम्ही स्वतः केलंत काय, ते तरी सांगा. त्यांनी बराच विचार केला. आत काकी खोबरं किसत होती, तिचाही हात थांबला.

"बसलों," ते म्हणाले.

"खरें आसा," आतून काकी म्हणाली, आणि पुन्हा किसायला लागली.

आता तो रविवार. राज्य झालं होतं, राजभाषेचा कायदा झाला होता, आणि आमच्याकडे घरोघर कोकणीचा एक आणि मराठीचा एक असे दोन तट पडले होते. भाषेच्या प्रश्नावर माझं मत आहे, ते मी कधी लपवलेलं नाही, आणि इथं सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुमच्यातले अर्धे पुढचं वाचणार नाहीत. संघाच्या सभेत लोक घरी बोलतात तसं कोकणीत बोलायचे आणि इतिवृत्त शाळेत शिकले तसं मराठीत लिहायचे. इतक्या वर्षांत कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी मुळगावच्या देवळासमोर दोन जीपगाड्या येऊन उभ्या राहिल्या. एकीतून एका बाजूचे पुढारी उतरले, दुसरीतून दुसऱ्या. दोघांचं मागणं अक्षरशः एकच होतं: संघानं जाहीर करावं की आपण आमचे. मी मागं बायकांत बसले होते. दोन्ही पुढाऱ्यांच्या पायांत चपला होत्या आणि पाय स्वच्छ होते. अध्यक्ष त्या पायांकडे बघून खोकले, पुन्हा खोकले, पण भाषणं थांबली नाहीत. गावागावातली माणसं हळूहळू एकमेकांपासून सरकून बसली. झाडाखाली मधे एक पट्टा मोकळा पडला, डोंगरावर गवत कापून काढतात तसा.

अध्यक्ष पांटल्यावरून उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "दोनूय भाशांनी सांगतां, ना. उदक भितर सरता तें खंयचे भाशेन सरता, तें विचारून यात. मागीर आमी ठराव करूंया."

पाणी शेतात शिरतं ते कुठल्या भाषेत शिरतं, या प्रश्नावर कोणी हसलं नाही. एरवी हसले असते. एका पुढाऱ्यानं म्हटलं, अध्यक्ष बदला. दुसऱ्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्याला अनुमोदन दिलं. बाकी कशावर नाही, पण एवढ्यावर दोन्ही बाजू एक झाल्या. आणि संघाच्या सभेत कधी झालं नव्हतं ते झालं, हात वर करायला सांगितले. हात वर गेले. ज्यांच्या बांधावर त्यांनी चिखल वाहिला त्यांचे गेले, ज्याच्या आईला विचारायला सगळी सभा ट्रकमध्ये घालून नेली त्या केरीच्या रापणकाराचाही गेला. त्याची मान खाली होती आणि हात तेवढा वर होता. मोजणी संपली, बाकीच्यांचे हात उतरले, त्याचा तसाच राहिला. मान वर केल्याशिवाय त्याला कळणार कसं. अध्यक्ष उठून त्याच्यापर्यंत गेले.

"हात सकयल घाल, बाबा," ते म्हणाले. "मेजून जालें."

मग त्यांनी पांटलो उचलला, त्याला लागलेली माती झटकली, खुर्चीवरची टोपी घेतली आणि कारेर धरायला रस्त्याकडे चालू लागले. जाता जाता चुलीपाशी थांबून बायकांना म्हणाले, चहा केलेला आसा, तो दियात तांकां. दिला. कोणी प्यायलं नाही.

संघाचे दोन संघ झाले. दोन शिक्के, दोन पाट्या, दोन अध्यक्ष, दोन्ही अध्यक्षांना कदेलां. केरी एकीकडे गेली, मुळगाव दुसरीकडे. कुठलं कुठं ते सांगत नाही, त्यानं पाणी कमी आत येत नाही. शेजाऱ्याचं काम करायचा नियम पहिल्याच बैठकीत दोघांनीही रद्द केला, प्रत्येकानं आपापलं बघायचं ठरलं. पुढच्या अक्षय तृतीयेला आमच्या लोकांनी आपला बांध आपण बांधला. छान बांधला, वरून हिरवा गवताचा थर लावला. मानशीच्या चौकटीशी केरीचं बूच कुजलं होतं, तिथं आपल्याला येतं तेच केलं, चिखल थापला. श्रावणातल्या पौर्णिमेच्या उधाणाला चौकट तिथूनच निसटली. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं, आणि मग पिवळं पडून आडवं झालं. आमचंही त्यात होतं. माझ्या बापानं बांधावर उभं राहून फक्त एवढंच विचारलं, काथ्या कोण घालायचा रे. विचारायला तिथं कोणी नव्हतं. त्यानंतर तात्पुरती डागडुजी झाली, तात्पुरती पुन्हा वाहून गेली, आणि आज त्या शेतात भात नाही, खारट गवत आहे. खाणीवाल्यांनी माती टाकली तेव्हा मला शिव्या द्यायला माणूस होता. इथं शिवी द्यायची तर अख्ख्या दोन तालुक्यांना द्यावी लागते.

अध्यक्ष मात्र येत राहिले. त्यांना पदावरून काढलं होतं, नियमातून काढलेलं नाही, असा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. लाटंबार्शाच्या माणसानं मुळगावच्या बांधावर चिखल घालायचा, तर ते घालणार. दर वर्षी अक्षय तृतीयेला पहिल्या कारेरीनं उतरायचे, काखेत पांटलो. पहिल्या वर्षी कंडक्टरनं पांटल्याचं वेगळं तिकीट फाडलं. नंतर तोच त्यांना उतरताना पांटलो खाली देऊ लागला. आमच्या गावचे लोक लाजून घरात बसायचे, कारण नव्या नियमानं त्यांना बाहेरच्याकडून काम करून घेता येत नव्हतं आणि जुन्या ओळखीनं त्यांना हाकलताही येत नव्हतं. मी गेले तर मला हात लावू द्यायचे नाहीत, तूं मुळगावची, म्हणायचे, तूं लाटंबार्शा वच, थंय गवत वाडलां. एक वर्ष त्यांनी काथ्याही आणला. मानशीत गुडघाभर पाण्यात उभे राहून दुपारपर्यंत तो फटीत कोंबत होते. काजूच्या डोंगरातला माणूस. हात त्या कामाचा नव्हता. कोंबलेला काथ्या ओहोटीबरोबर हळूच बाहेर यायचा आणि त्यांच्या पायांभोवती तरंगायचा. त्यांनी तो गोळा करून पांटल्यात घातला आणि परत नेला. पुढं कोणी विचारलं तर म्हणायचे, "तें केरीच्यांचें काम. ते येतले."

काही वर्षांपूर्वी बांधावरून उतरताना ते पडले. तेव्हापासून गुडघे गेले ते गेलेच. आता सोप्यावर बसलेले असतात, काकीनं शेवटी कदेलीत बसवलंय, आणि त्यांनी ते मान्य केलंय, याचंच मला जास्त वाईट वाटतं. पांटलो भिंतीला टेकून असतो. दर अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी काकी बाहेर जाऊन येते, पोदेराशी चार शब्द बोलून आल्यासारखं करते, आणि त्यांना सांगते, केरीचे आयिल्ले, काथ्या घालून गेले, रापणकारान तुमची खबर विचारली. ते मान हलवतात. बरं झालं, म्हणतात. मग रात्री नीट जेवतात.

यंदा मी पावसाळ्याच्या तोंडावर गेले. काकी आत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या पायांकडे बघितलं. चिखल नव्हता.

"केरीचे आयले?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलायची सवय नाही. पत्रकवाल्या माणसाला ती परवडत नाही. आज एक खोटं लिहिलं की उद्याची दहा खरी पत्रकं चुलीत जातात. तरी मी आधी दाराकडे बघितलं. आत काकीची भांडी वाजत होती.

"ना," मी म्हटलं.

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. पोदेर सायकलवरून गेला, त्यानं घंटी वाजवून हाक मारली, त्यांनी हात वर केला आणि खाली घेतला. मग आत काकीकडे मान करून म्हणाले, "बरें केलें सांगलें. माका खबर आसा. पुण तिका सांगूं नाका."

निघताना त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "पांटलो व्हर," म्हणाले. मी तो उचलला. वाटलं होतं त्यापेक्षा हलका होता, तळाला अजून वाळलेला काथ्या अडकलेला. मी फाटकापर्यंत गेले तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "बसूंक न्हय हां."

तो आता मुळगावात आमच्या पडवीत आहे. उपडा नाही, तोंड वर करून ठेवलाय. आता मागणी, आणि ती तुमच्याकडे आहे, कारण पुढाऱ्यांकडे मागून झालं. येत्या अक्षय तृतीयेला, सकाळच्या ओहोटीला, घरून टोपली घेऊन निघा. मुळगावचे असाल तर मुळगावच्या बांधावर येऊ नका, लाटंबार्शाच्या डोंगरावर जा. लाटंबार्शाचे असाल तर केरीला जा, रापणीचा दोर धरा, आणि भरती लागली तरी सोडू नका. आणि केरीचे तुम्ही, तुम्ही मुळगावला या. काथ्या आणा, राळ आणा, हात वर करून बसलेल्या त्या माणसाला पुढं घालून आणा. बोला कुठल्याही भाषेत. उंडे आणि पातळ भाजी आमच्या घरी आहे, चहा निवणार नाही याची जबाबदारी माझी.

त्या दिवशी संध्याकाळी मी लाटंबार्शाला जाणार आहे. ते आधी माझे पाय बघतील, मग विचारतील. मला त्यांना होय म्हणायचंय. तुम्ही या.